थोटा बंगला

समोर बघा. मधोमध खांबांचं भलं मोठं दार, डावीकडे खिडक्यांची लांबलचक रांग, वर उंच धुराडी. आणि उजवीकडे नुसता उंच तट, इमारत कापून टाकल्यासारखी. म्हणून आम्ही याला थोटा बंगला म्हणतो. फलकावर लिहिलंय, साहेब मायदेशी परतल्यानं काम अपुरं राहिलं. साफ खोटं! वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

असं सांगतात, की साहेबाला विलायतेतल्या आपल्या बापाच्या घरासारखं हुबेहूब घर या माचीवर हवं होतं. डावं अंग तसंच उजवं, एका खिडकीचाही फरक नको. पण उजव्या अंगाचा पाया खणताना मधे नेमका आमचा झरा आला. अख्ख्या गावाला पाणी तेवढंच. लोकांनी हात जोडले, घर जरा अलीकडे घ्या म्हणून. साहेब म्हणाला, झरा बुजवा. अरे, खिडक्या जुळाव्यात म्हणून माणसं तहानेनं मारायची?

तेव्हा ठकूबाई ढेबे नावाची म्हशी राखणारी बाई पायाच्या चरात उतरली आणि थेट झऱ्यावर बसली. "घाला दगड माझ्यावर," म्हणाली, "हे पाणी सोडाल तेव्हाच मी उठेन." गवंड्यांचे हात उठेनात. मग म्हणे झऱ्यालाच राग आला. पाणी असं उसळलं, की आजूबाजूला रचलेला पाया चिखलात गेला. साहेबानं पुन्हा रचायला लावला, पुन्हा तेच.

साहेब हरला, पण खोड काही गेली नाही. बंगल्याला धरून झऱ्याभोवती उंच तट घातला आणि म्हणाला, पाणी हवं तर माझ्या दिवाणखान्यातून या. त्याला वाटलं, या बाया कसल्या येतात! दुसऱ्याच सकाळी ठकूबाई शेणामातीच्या पायांनी पुढच्या दारातून आत शिरली आणि हंडा भरून त्याच वाटेनं परतली. तिच्यामागे गावातल्या सगळ्या बाया. साहेबाला गालिचे गुंडाळावे लागले. शेवटी तोच मागल्या दारानं ये-जा करू लागला.

आता बंगल्याचं हॉटेल झालंय, घरोघरी नळही आलेत. पण आजही गावातली नवी सून पहिला हंडा याच दिवाणखान्यातून नेते. हॉटेलवाले त्या दिवशी दारात मुद्दाम मोठं पायपुसणं टाकतात. आमची एकही सून त्यावर पाय ठेवत नाही. ओलांडून जाते.