धुराचा पत्ता

एकदा एका डॉक्टरबाईपुढे विचित्र पेच उभा राहिला. मृणाल वैरागडे तिचे नाव. दम्याच्या रुग्णांसाठी ती गावोगाव फिरता दवाखाना चालवी. जुनी गाडी थकली होती. नवी घ्यायची ती पेट्रोलची की विजेची, हे ठरेना. म्हणून ती आपल्या वृद्ध शिक्षकांकडे, केशवराव उमाटे गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी ओळखीच्या दोन गाड्या मागवल्या, एक पेट्रोलची, एक विजेची. दोन्हींतून तासभर हिंडल्यावर म्हणाले, "आता दोन्हींच्या तोंडाला, बॉनेटला, हात लाव."

पेट्रोलच्या गाडीने हात पोळला. विजेची जेमतेम कोमट होती.

"हा ताप तुला कुठे घेऊन गेला?"

"कुठेच नाही. वायाच गेला. मग विजेचीच घेते!"

गुरुजींनी गाडी कोळशावरच्या औष्णिक वीजकेंद्राशेजारच्या गावाकडे वळवायला सांगितली. तिथे एका ओट्यावरून बोट फिरवून त्यांनी ते मृणालपुढे धरले. बोटावर करडी राख होती. याच गावात मृणालचे सर्वाधिक रुग्ण होते.

ती गोंधळून गेली. "म्हणजे माझी गाडी इथल्या कोळशावर चालणार? मग पेट्रोलचीच बरी का?"

"तिचा धूर तू रुग्णाच्या दारातच सोडशील."

"मग करू तरी काय, गुरुजी?"

"वीजकेंद्राच्या चिमणीखालीही पुष्कळ ताप वाया जातो. बॅटरी घडवतानाही धूर होतोच. गाडी वर्षानुवर्षे चालवशील, तेव्हा कुठे तो भरून निघेल. एवढे धरूनही विजेच्या गाडीचा एकूण धूर बहुधा कमीच भरतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. धूर नाहीसा झाला असे वाटले, की त्याचा पत्ता विचारावा. तुझा गोंधळ लवकर मिटवू नकोस. गोंधळलेला माणूस निदान विचारीत राहतो."

मृणालने विजेची गाडी घेतली आणि दवाखान्याच्या छपरावर सौर पट्ट्या बसवल्या. तरी पावसाळ्यात त्या पुरत नसत; तेव्हा गाडी त्या वीजकेंद्राच्या विजेवरच चार्ज करावी लागे.

पावसाळ्यातल्या पहिल्याच फेरीला वीजकेंद्राशेजारच्या त्या गावातल्या एका म्हातारीने धापा टाकीत विचारले, "बाई, ही गाडी धूर सोडत नाही म्हणतेत. खरं आहे काय?"

मृणालच्या ओठावर 'हो' आले होते. ते तिने गिळले.

"सोडते, आजी. कमी सोडते. पण सोडते तो तुमच्याच गावात."

मग म्हातारी छाती तपासून घ्यायला तिच्याजवळ सरकून बसली.