दुष्काळात बुजवलेली विहीर

पूर्वी अपरान्ताच्या किनाऱ्यावर मेघवर्मा राजा राज्य करीत असताना शंखपूर नावाच्या लहानशा बंदरात बोधिसत्त्व विहिरी खोदणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोण. समोर पाणीच पाणी, पण गावात पिण्याजोगी विहीर एकच, आणि ती सोणाच्या आजाने खोदलेली. सोणाला लहानपणापासून 'असे का?' विचारायची खोड होती. मोठेपणीही ती गेली नाही, हे गावाच्या पथ्यावरच पडले.

एकदा लागोपाठ तीन वर्षे पावसाने पाठ फिरवली. विहीर आटली की ती पुरुषभर, म्हणजे माणसाच्या उंचीइतकी, आणखी खोल न्यायची, ही शंखपूरची जुनी रीत. 'जितके खोल तितके गोड' असे म्हणत सोणाने दोन वर्षांत ती दोनदा खोल केली आणि लोकांनी दोन्ही वेळा त्याची मिरवणूक काढली. तिसऱ्या वर्षी पाणी खारट झाले. लेकरे ते पिऊन ओकू लागली.

नगरश्रेष्ठी वसुमित्राने सोणाला बोलावले. "सोणा, आणखी खोल जा. गोडं पाणी लागलं तर राजाला सांगून तुला गावाचा प्रमुख करतो. नाहीच लागलं, तर पौर्णिमेला होड्या भरायच्या आणि गाव सोडायचं."

सोण कुदळ घेऊन निघाला. वाटेत पुळणीवर त्याला एक कोल्हा दिसला. त्याने वाळू वीतभर उकरली, जरा थांबला, खळग्यात झिरपलेले पाणी चाटले आणि निघून गेला. समुद्राच्या दारात हा पितो तरी काय? सोणाने बोट बुडवून चाखले. गोड! लगेच त्याने तोच खळगा हातभर खणला, तर खारट. दुसरीकडे खणला, तिथेही तेच. कुदळ बाजूला टाकून तो दिवसभर उकरत आणि चाखत बसला.

दुपारी बायको उत्पला पेज घेऊन शोधत आली.

"अहो, गाव तहानेनं मरतंय आणि तुम्ही खेकड्यासारखी बिळं काढताय?"

"हे चाख. आता हे."

तिने दोन्ही चाखले. "वरचं गोडं, खालचं खारं. म्हणजे आपली विहीर…"

"मीच नासवली," सोण म्हणाला.

पावसाचे पाणी दुधावरच्या सायीसारखे खाऱ्यावर तरंगत होते आणि सोणाने ती साय फोडून खाली हात घातला होता. त्याला पेज गोड लागेना. दोष आभाळावर ढकलता आला असता. मिरवणुकांचा मानही तसाच राहिला असता. पण सोण तडक सभेत गेला.

"विहीर बुजवायची," तो म्हणाला. "मी खणलेली दोन पुरुष खोली चिकणमातीनं भरायची. वर थोडंच झिरपेल, पण गोडं झिरपेल."

"दुष्काळात विहिरीत माती?" लोक खवळले. कोणीतरी दगडही उचलला.

"चूक माझी आहे. मिरवणूक तुम्हीच काढलीत, आता शिव्याही द्या. पण आधी पुळणीवर येऊन चाखा."

वसुमित्र कुरकुरत गेला आणि वाळूत बसून चार ओंजळी प्यायला. मग मातीची पहिली पाटी त्यानेच उचलली. पंधरा दिवस गाव वीतभर खळग्यांवर जगले. विहिरीत वर जे झिरपे, ते गोडे होईपर्यंत करवंटीने हलकेच काढून टाकायचे, असा नेम ठरला. होड्या काठाला तयारच होत्या.

पौर्णिमेच्या सकाळी उत्पलेने विहिरीतली करवंटी तोंडाला लावली आणि ती रडू लागली. लोकांनी बोचकी उचलली.

"अहो, ठेवा ती खाली," ती म्हणाली. "गोडं आहे."

प्रमुखपद सोणाने घेतले नाही. तो म्हणाला, "प्रमुखाला सगळं ठाऊक असावं लागतं. मला अजून पुष्कळ विचारायचंय."

एवढे सांगून शास्त्याने, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना पूर्वजन्मीची ओळख पटवून दिली: "तो कोल्हा म्हणजे आनंद. उत्पला ही राहुलमाता. प्रश्न पुरता ऐकण्याआधी उत्तर देणारा एक भिक्षू तुमच्यात आहे, तोच वसुमित्र. सोण मीच होतो." खोल जाणे पुष्कळांना जमते. आपली चूक दिसताच कुठे थांबावे आणि काय बुजवावे हे जिच्यामुळे कळते, ती प्रज्ञापारमिता.