कोमट फ्यूजरचा आदेश

देवस्थळीसाहेबांना खात्यातलं सगळंच कळायचं. आणि कळलं नाही, की ते लेखी आदेश काढायचे.

कार्यालयातल्या कॉपियरचा फ्यूजर गेला, तेव्हा त्यांनी भंगारातल्या जुन्या मशीनचा काढून त्यात बसवायला लावला. कॉपियर सांभाळणाऱ्या टेकाळेबाई म्हणाल्या, "साहेब, फ्यूजर तापतो म्हणून टोनरची पूड कागदाला चिकटते. आपला पातळ पट्टीने तापतो, हा आतल्या दिव्याने. या मशीनमध्ये तो कोमटच राहणार."

"जागेवर बसला ना? मग चालेल!" साहेब कडाडले. त्यांनी तिथल्या तिथे आदेश टाइप करून घेतला: कोणताही फ्यूजर कोणत्याही मशीनला चालतो, तक्रार करणाऱ्याची बदली होईल.

टेकाळेबाईंची मुलगी यंदा दहावीला होती. बदली परवडणारी नव्हती. आदेशाच्या बारा प्रती त्यांनी त्याच कॉपियरवर काढल्या आणि अलगद साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी प्रत्येकीवर पेनाने झोकदार सही ठोकली.

"आता वाचून दाखवा सगळ्यांना!"

बाईंनी वरच्या प्रतीवरून रुमाल फिरवला. आदेश रुमालाला लागला. कोऱ्या कागदावर खाली साहेबांची सही तेवढी राहिली.

"वाचायला काही उरलंच नाही, साहेब," बाई नम्रपणे म्हणाल्या. "तुमच्या सहीचा कोरा कागद आहे. अजून अकरा होतील. यावर काय लिहू?"

साहेबांना घाम फुटला. "नव्या फ्यूजरची मागणी," ते पुटपुटले.

बाईंनी ती हातानेच लिहिली. सहीसाठी थांबावं लागलं नाही.