भैरू जपानला नांदायला जातो

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव निमसोडी आणि गड्याचं नाव भैरू. तोंडावर सगळे त्याला भोळा म्हणायचे. पाठ फिरली की दुसरा शब्द वापरायचे. भैरूला तोही चालायचा.

भैरूचा गुण एकच आणि अवगुणही तोच. सांगितलेलं तो ऐकायचा. एकदा "बैलावर ध्यान ठेव" असं सांगून त्याची आई बाजारला गेली. भैरू दिवस मावळेपर्यंत बैलाकडे टक लावून बसला. शेजारच्या दाव्याची म्हैस चोरानं त्याच्यासमोरून सोडून नेली. आई आल्यावर भैरू म्हणाला, "म्हशीचं कुठं सांगितलं हुतंस?"

अशा भैरूला रंगराव आबांची सगुणा आवडायची. नवल म्हणजे सगुणालाही तो आवडायचा. मैत्रिणी हसायच्या, तर ती म्हणायची, "खुळा हाय, पर खोटं बोलाय त्याला सुचतच न्हाई. असा नवरा दुसरा दाखवा."

भैरूची आई मागणी घालायला गेली. आबा द्राक्ष संघाचे मोठे बागायतदार. नाही म्हणावं तर पोरगी रुसते, हो म्हणावं तर गाव हसतं. सुपारी कातरत त्यांनी जरा विचार केला आणि पाच माणसांसमोर शब्द दिला.

"वहिनी, पोरगी लगीन करून परक्या घरात जाती. तिथल्या रीती शिकती, बोलणी खाती, तरी नांदती. तुमच्या पोरानं बी कुणाच्या तरी घरात एक हंगाम नांदून दाखवावं. त्या घरच्यांनी हाकलला न्हाई आन् त्यांच्याच तोंडानं 'चांगला हाय' म्हटलं, तर सगुणा दिली."

आबांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. भैरूला हंगामभर घरात ठेवून घेणारा माणूस पंचक्रोशीत कोण निघणार?

पंचक्रोशीत नाही निघाला. जपानात निघाला.

त्याच महिन्यात संघाला तिकडून बोलावणं आलं. एका माणसानं यावं, तिथल्या द्राक्षवाल्याच्या घरी राहावं, त्याची बाग शिकून जावं. जायला सगळं गाव तयार होतं, पण पासपोर्ट कुणाकडेच नव्हता. भैरूकडे होता. मागं एकदा तो पोस्टात पत्र टाकायला गेला होता. तिथं माणसं रांगेत उभी होती, म्हणून तोही उभा राहिला. ती रांग पासपोर्टची निघाली.

निघताना आई म्हणाली, "चुकलास तर शीक. एकदा केल्याली चूक पुन्ना करू नगंस." गावातले जाणते म्हणाले, "तिकडं घरात बी बूट घालूनच वावरत्यात. काढलंस तर गावंढळ म्हणतील." सगुणा लांबूनच म्हणाली, "हाकलून तेवढं घिऊ नगंस."

जपानात भैरू ज्यांच्याकडे उतरला ते ओकाबे आजोबा आणि आजी. मुलगा आणि मुलगी शहरात, घरात दोघंच. आजोबा बोलायचे थोडं आणि तेही आपल्या भाषेत. पण त्यांच्याकडे एक फोन होता. त्यात ते जपानी बोलले की फोन मराठीत बोलायचा, आणि कुणी मराठी बोललं की जपानीत. आवाज एका बाईचा होता, भारी गोड आणि शुद्ध. त्यामुळे आजोबा रागानं लाल झाले तरी फोन साखरेतच घोळून बोलायचा.

पहिल्याच दिवशी भैरू बुटांसकट तरातरा आत गेला आणि गवताच्या पांढऱ्याशुभ्र चटईवर मांडी घालून बसला. आजींनी किंकाळी फोडली. फोन म्हणाला, "कृपया लक्षात घ्या. दारातून आत शिरायचं असेल तर बूट आधी बाहेर काढायचे असतात."

भैरू ताडकन उठला. आल्या आल्या हाकलतात की काय? त्यानं बूट काढले, चटई पुसली आणि आईला फोन लावला.

"आये, आज एक चुकलं."

"मग?"

"शिकलो."

"शिकलास न्हवं? मग पुन्ना ती चूक करू नगंस."

"न्हाई करणार."

आणि खरंच, ती चूक त्यानं पुन्हा कधी केली नाही. दुसरी केली.

दुसऱ्या दिवशी आजोबा त्याला गाडीतून बाजारात घेऊन निघाले. त्यांनी गाडीचं दार उघडलं. भैरूनं दार पाहिलं. दारातून आत शिरायचं म्हणजे बूट बाहेर. त्यानं रस्त्यावर बूट काढले, नीट जोडीनं ठेवले आणि आत बसला. बाजार आला. भैरू नुसत्या मोज्यांवर खाली उतरला. आजोबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. फोन म्हणाला, "आपण निघताना आपलं काहीही मागे सोडू नये. जे आपलं, ते आपण घेऊन जावं."

"बरं झालं सांगितलं," भैरू म्हणाला.

संध्याकाळी आजींनी न्हाणीत लाकडी टबभर कढत पाणी काढलं. पाहुण्याचा मान पहिला. त्यांनी खुणांनी समजावलं की बाहेर अंग चोळून धुवायचं आणि मग स्वच्छ होऊन पाण्यात नुसतं बसायचं. भैरूनं अगदी तसंच केलं. एवढं पाणी त्याच्या अंगाला एका वेळी कधी लागलं नव्हतं. सुखानं त्याचे डोळे मिटले. मग तो उठला आणि विचारात पडला. ज्या पाण्यात मी बसलो ते पाणी माझं. माझं आहे ते मागं सोडायचं नाही. आणि दुसऱ्याच्या अंगाखालचं पाणी कुणी वापरतो का? त्यानं बूच ओढलं, टब घासला, पालथा घातला आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आला.

बाहेर आजोबा आणि आजी टॉवेल खांद्यावर टाकून कुडकुडत उभे होते. त्या घरात सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसायचे. रीतच तशी होती.

आजोबा लाल झाले. फोन मंजुळपणे म्हणाला, "पहिल्याने सगळं संपवायचं नसतं. मागून येणाऱ्यासाठी तसंच ठेवायचं असतं."

त्या दिवशी भैरूला जेवण गेलं नाही. सगुणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. आईला त्यानं सांगितलं, "आये, लई वंगाळ चुकलं." आई म्हणाली, "शिकलास न्हवं?" भैरू म्हणाला, "शिकलो."

मग शेजारच्या बाईंना जेवायला बोलावलं होतं तो दिवस आला. आजींनी गरम रश्श्यातल्या लांबच लांब शेवया केल्या. प्रत्येकापुढे एकेक वाडगा ठेवला. भैरूला भूक होती, पण तो आता शहाणा झाला होता. त्यानं अर्ध्या शेवया खाल्ल्या, तोंड पुसलं आणि उरलेला वाडगा शेजारणीपुढे सरकवला. म्हणाला, "घ्या, तुमच्यासाठी ठेवलंय."

शेजारीण वाडग्याकडे बघत राहिली. आजींनी पदर असता तर तोंडावर घेतला असता. आजोबांनी फोन हातात धरला. फोन म्हणाला, "आपल्या वाडग्यातलं आपणच संपवावं. आणि आवडलं असेल तर सुर्र असा मोठा आवाज करावा. म्हणजे जिनं केलं तिला कळतं की आवडलं."

हे भैरूला फार पटलं. निमसोडीत भुरके मारले तर आई पाठीत धपाटा घालायची. इथं भुरक्याला मान होता. त्यानं असा भुरका मारला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आजी हसल्या, शेजारीणही हसली. पहिल्यांदाच कुणीतरी भैरूवर खूश झालं.

खूश झालेली शेजारीण दुसऱ्या दिवशी आपला नातू दाखवायला घेऊन आली. गोरापान, गुबगुबीत, लालचुटुक गालांचा पोर. भैरूला तो फार म्हणजे फारच आवडला. जिनं केलं तिला कळायला नको? बाळाची आई शेजारीच उभी होती. भैरू बाळावर ओणवा झाला, डोळे मिटले आणि त्यानं जिवाच्या आकांतानं आवाज काढला, "सुर्रर्रर्र!"

बाळ टाहो फोडून रडलं. बाळाच्या आईनं त्याला छातीशी धरलं आणि ती जी पळाली ती तिच्या घराची कडी वाजल्यावरच थांबली.

"आवडलं म्हणून आवाज केला," भैरू रडवेला होऊन म्हणाला.

आजोबांनी फोन तोंडाशी नेला. मग फोन म्हणाला, "यापुढे काहीही आवडलं तरी अजिबात आवाज करू नका. गप्प उभे राहा आणि कमरेत वाकून नमस्कार करा. एवढं पुरे."

यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आजोबांनाही तसंच वाटलं.

बागेत द्राक्षं भरत आली होती. जपानातली तऱ्हा अशी की प्रत्येक घडाच्या डोक्यावर कागदाची टोपी घालतात, म्हणजे ऊन-पाऊस लागत नाही. भैरूनं त्या टोप्या फार मन लावून घातल्या होत्या. एका सकाळी आजोबांनी त्याला राखणीला बसवलं आणि ते औषध आणायला गेले. डोंगरावरून माकडांची टोळी उतरली.

माकडं बघताच भैरूला निमसोडीच्या मारुतीचं देऊळ आठवलं. परमुलखात कुणीतरी आपलं भेटलं, म्हणून त्याचा ऊर भरून आला. आवडलं की काय करायचं? गप्प उभं राहायचं आणि वाकायचं. भैरू वाकला. माकडांनी एक घड तोडला. भैरू पुन्हा वाकला. मग जितकी माकडं तितक्या वेळा तो वाकला. एकानं घड खाऊन त्याची टोपी आपल्याच डोक्यावर घातली. त्याला भैरू जरा जास्त वाकला.

आजोबा आले तेव्हा एका ओळीतले वेल मोकळे झाले होते आणि भैरूची कंबर धरली होती. आजोबांच्या हातातून औषधाचा डबा खाली पडला. ते फोनमध्ये इतकं मोठ्यानं आणि इतका वेळ बोलले की फोनलाही जरा वेळ लागला.

"माझ्या घडांना कुणीही हात लावला," फोन शेवटी गोड आवाजात म्हणाला, "तर ओरडायचं, डबा बडवायचा आणि त्याला बागेबाहेर हाकलून लावायचं. कुणीही."

भैरू खाली मान घालून उभा राहिला. आता नक्की हाकलणार. त्यानं आपली पिशवी भरून दारात आणून ठेवली. आजींनी ती उचलून परत आत नेली. त्यांनी असं का केलं, हे त्यांनी फोनला सांगितलं नाही.

हंगाम संपत आला. भैरूचं शिक्षण कसं झालं ते बघायला आणि त्याला परत न्यायला निमसोडीहून संघाची माणसं आली. पुढाकार अर्थात रंगराव आबांचा. तोवर बाकीच्यांनीही पासपोर्ट काढले होते. डोक्याला गुलाबी फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा, असे आबा बागेत शिरले. कागदी टोप्या घातलेले टपोरे घड बघून त्यांची बोटं शिवशिवली. बागायतदार दुसऱ्याच्या बागेत गेला आणि एक मणी तोंडात टाकला नाही, असं कधी झालंय का? आबांनी हात वर केला, मणी तोडला आणि गालात सारला.

वेलांआडून भैरूनं पाहिलं. त्यानं आबांना ओळखलं. सासरे होणार तेही त्याच्या ध्यानात होतं. पण आजोबा "कुणीही" म्हणाले होते.

"हाऽऽड! हाड हाड हाड!"

डबा बडवत भैरू धावला. आबांना वाटलं, डुक्कर आलं. ते पळाले. फेटा तारेत अडकला, एक वहाण चिखलात राहिली आणि आबा पाटाच्या पाण्यात बदकन बसले. भैरूनं त्यांना तिथूनही उठवलं आणि बांधापार नेऊन सोडलं. मग डबा खाली ठेवून तो पाया पडला. "आबा, कवा आलासा?"

आबांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. ते तसेच ओकाबे आजोबांकडे गेले. या म्हाताऱ्यानं 'वाईट' म्हटलं की आबांवर शब्द मोडायची पाळीच येणार नव्हती. संघाची माणसं भोवती जमली. सगळ्यांसमोर आबांनी विचारलं, "आता तुमीच तुमच्या तोंडानं सांगा. कसा हाय ह्यो?"

भैरूनं डोळे मिटले. सगुणा गेली, एवढंच त्याच्या मनात होतं.

आजोबांनी वेलांकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं आणि फोन तोंडाशी धरला. फोन म्हणाला, "आमच्या दोन मुलांनी आयुष्यात आमची एक गोष्ट ऐकली नाही. यानं एकही सोडली नाही. चांगला आहे."

आजी मान वळवून डोळे पुसत होत्या. आबांच्या तोंडातला मणी तेव्हा कुठं घशाखाली उतरला.

शब्द तो शब्द. निमसोडीत आबांच्या दारात मांडव पडला. सगुणाला हळद शोभून दिसत होती. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या आणि पाठवणीची वेळ झाली. सगुणा आईच्या गळ्यात पडून रडली, आत्यांच्या गळ्यात पडून रडली आणि सजवलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. भैरूची आई तिच्या शेजारी बसली. वाजंत्री वाजू लागली.

नवरदेवच दिसेना.

मांडवात नाही. देवळात नाही. शेवटी कुणाचं तरी लक्ष आबांच्या उंबऱ्याकडे गेलं. तिथं नवरदेवाचे बूट जोडीनं ठेवले होते. आबा घरात धावले, मागच्या परड्यात गेले आणि जागीच थबकले. आमटीचं सगळ्यात मोठं पातेलं लख्ख घासून, कढत पाण्यानं भरून मध्यभागी ठेवलं होतं. त्यात भैरू बसला होता, कपाळाला मुंडावळ्या तशाच, डोळे सुखानं मिटलेले.

"आरं मर्दा!" आबा ओरडले. "तिकडं सगुणा गाडीत बसलीया! सासरी निघालीया!"

"जाऊ द्या की," भैरू डोळे उघडून म्हणाला. "आई हाय तिच्या सोबतीला. सांभाळंल."

"आन् तू?"

"आबा, असं काय करतासा? परक्या घरात नांदाय शीक म्हणून तुमीच न्हाई का धाडला मला? शिकून आलो. आता तुमच्याकडं नांदाय आलोय."

आबा मटकन खाली बसले. भैरूला वाटलं, सासरे वाट बघून दमले. तो लगबगीनं बाहेर आला, टॉवेल गुंडाळला आणि आदबीनं बाजूला झाला.

"पातेलं बी न्हाई पालथं घातलं, पाणी बी न्हाई सांडलं," तो म्हणाला. "समदं तुमच्यासाठी ठेवलंय, आबा. गरम हाय तवर उतरा."