ठकूबाईचा दोर

आमच्या पणज्याच्याही आधीची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कुणाला रडवायला मी ती सांगत नाही, पण रडू आलं तर माझा इलाज नाही.

बोरखळची शाळा तेव्हा ओढ्यापलीकडच्या देवळात भरायची. पूल नव्हता. पावसाळ्यात ओढा चढला की पोरं चार महिने घरी बसायची. गावात ठकूबाई नावाची बाई अंबाडीचे दोर वळायची. तिची एकुलती एक लेक गोजरी. लेकीनं शिकावं हा एकच ध्यास तिला. लोक हसले. हसेनात का बापडे.

तिनं घरोघर जाऊन अंबाडीची एकेक पेंढी मागितली आणि सगळ्या गावाचा मिळून एक जाड दोर वळला. पलीकडचं टोक पंतोजींनी धरायचं, अलीकडचं पाळीनं एकेका घरानं. दोराला धरून पोरं ओढा पार करायची. कुणाचा पाय घसरला की हातांना हिसका लागायचा आणि ते दोर वर उचलायचे. झाडाला का बांधायचा नाही, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "लेकरू घसरलेलं झाडाला कळत नाही. हाताला कळतं."

सात पावसाळे एकाही पोराला काही झालं नाही. ओढासुद्धा त्या दोराला वाट द्यायचा, असं म्हणतात.

मग माणसं निर्धास्त झाली. इथंच घात झाला बघा. भातलावणीचे दिवस, ज्याला त्याला शेतावर जायची घाई. ज्याची पाळी होती त्यानं दोर काठावरच्या करंजाला बांधला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानंही तेच केलं. पंतोजी पलीकडून हात लावा म्हणून ओरडायचे, पण ऐकतंय कोण? ठकूबाई तेव्हा दोर विकायला बाजारगावी गेलेली. ती परतली त्याच सकाळी तीन पोरं वाहून गेली होती. त्यात गोजरी होती. पंतोजी गळाभर पाण्यात शिरले होते, पण एकटा माणूस काय करणार? करंजाची गाठ जरासुद्धा सैल झाली नव्हती.

ठकूबाईनं कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर बरं झालं असतं, निदान गावाला खाली मान घालून ऐकता आलं असतं. तिनं गाठ सोडली, दोर हातात घेतला आणि काठावर उभी राहिली. पलीकडे पंतोजी. पण आता कुठली आई लेकराला पाण्यात उतरू देते? पावसाळाभर ती दोघं रिकामा दोर धरून उभी होती. तिचे तळहात सोलून निघाले, दोर लाल झाला आणि तो रंग पुरानंही गेला नाही, असं म्हणतात.

एका सकाळी ठकूबाई काठावर नव्हती. दोर मात्र तसाच ताठ, कुणीतरी धरल्यासारखा. पंतोजींनी आपलं टोक तीन दिवस सोडलं नाही. मग त्यांनी दोर सोडला आणि गावही सोडलं. पुढं चाळीस वर्षं आमच्याकडे शाळा नव्हती.

आता पूल आहे, शाळाही ओढ्याच्या अलीकडच्याच काठाला आहे. तरी दर साली लावणीत एक दिवस शेतं बंद ठेवतात. घरटी एक पेंढी, घरटी एक माणूस. शाळेचे मास्तरही येतात. नवा दोर वळून ओढ्यात सोडतात, पलीकडचं टोक मोकळंच. शाळा सुटेपर्यंत सगळे तो धरून उभे राहतात.

गेल्या साली शेजारच्या पोरीनं मला विचारलं, "आजोबा, काय कळतं हो हाताला?"

मी सत्तर वर्षं तो दोर धरतोय. तिला म्हटलं, "काही नाही गं पोरी. नुसतं पाणी ओढतं."