साहेबांचं नाव

अमेरिकेतल्या बेल क्रीक या छोट्या गावानं चाळीस वर्षं डोळे मिटून एकाच पक्षाला मतं दिली होती. त्यामुळे निवडणूक आली की आमदार विटकोंबसाहेब घरोघरी अंगणात रोवायला आपल्या नावाच्या पाट्या पाठवत आणि निर्धास्त राहत. ओढ्यावरचा पूल मात्र सहा वर्षं बंद होता. म्हाताऱ्या एडनाबाईंना पलीकडच्या दवाखान्यात जायला चौदा मैलांचा वळसा पडे.

यंदा ऑगस्टमध्ये साहेब गावात उगवले. एडनाबाईंच्या परसात दोन वर्षांपूर्वीची पाटी अजून उभी बघून त्यांची छाती फुगली. "बघा, इथून माझं नाव अजून कुणी काढलं नाही."

"खरंय साहेब," बाई म्हणाल्या, "तुमचं नाव इथं कुणीच काढत नाही. पाटीच्या तारेच्या पायांवर टोमॅटोचे वेल चढलेत म्हणून ती राहिली. गावाला तुमचा आधार झाला तो एवढाच."

कुंपणापलीकडचे शेजारी हसू लागले. साहेब लालबुंद झाले. "मग यंदा मत कुणाला?"

"पूल कोण उघडतं ते बघून ठरवू."

चौथ्या दिवशी पुलावर मजूर आले. त्यांना टोमॅटो वाटता वाटता, हे काम कुणी लावलं, तो विषय एडनाबाईंनीच काढला. मत कुणाला ते अजून ठरायचं होतं, पण साहेबांचं नाव गावात पहिल्यांदा निघालं.