धक्क्यावरचा पहिला सूर

अनेमोरी बेटावर लग्न लागतं वरच्या देवळात, पण वाद्याचा पहिला सूर मात्र खाली बंदरावर निघतो. पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग म्हातारी वासिलो त्यांना देवळाच्या कठड्याशी नेते. "जपून हां, खाली थेट कडा आहे," म्हणते आणि सांगू लागते.

फार जुनी गोष्ट. इथे स्तामातिस नावाचा त्साबूना वाजवणारा होता. त्साबूना म्हणजे बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची फुगवायची पिशवी, तिला बोरूच्या दोन नळ्या. आवाज असा खणखणीत, की कोसभर समुद्रात जावा. धुकं पडलं की स्तामातिस बंदराच्या धक्क्यावर उभा राहून वाजवायचा आणि होड्या त्या सुरावर घरी यायच्या. त्याचा मुलगा निकितास तर म्हणायचा म्हणे, "बाबा वाजवतात तिथे बंदर. डोळे कशाला हवेत?"

स्तामातिसच्या लेकीचं, कालियोचं लग्न होतं. नाचाच्या पहिल्या फेरात नवरीचा हात भावाने धरायचा, ही इथली रीत. निकितास पहाटेच पंगतीसाठी मासळी आणायला गेलेला, दुपार कलली तरी पत्ता नाही. वऱ्हाड ताटकळलं. कालियो हटूनच बसली, "दादा आल्याशिवाय मी पाऊल उचलायची नाही!"

"थांब, बोलावतो तुझ्या दादाला," स्तामातिस हसून म्हणाला. त्याने देवळाच्या अंगणातच पिशवी फुगवली. वर लख्ख ऊन होतं हो! खाली समुद्रावर धुकं दाटलंय, हे त्या बापाच्या गावीही नव्हतं.

तो जीव ओतून वाजवत राहिला. कठड्याशी गेलेली एक बाई ओरडली, "अगं बाई, खाली काहीच दिसत नाही!" तेव्हा कुठे त्याच्या काळजात चर्र झालं. तीनशे पायऱ्या तो धावत उतरला आणि धक्क्यावर उभा राहून वाजवू लागला. ओठांतून रक्त आलं तरी थांबेना. संध्याकाळी धुकं विरलं. निकितासची होडी या देवळाखालच्या खडकांवर फुटलेली होती. लेकराने बापाच्या सुरावर विश्वास ठेवला, दुसरं काय!

स्तामातिस पुढे बरीच वर्षं जगला, पण वरती त्याने कधी वाजवलं नाही, असं सांगतात. "माझ्याच हाकेला ओ देत आला हो तो," एवढंच म्हणायचा.

आजही लग्नाचा पहिला सूर धक्क्यावरून, समुद्राकडे तोंड करून वाजतो. होड्यांना आता यंत्रं आहेत, लोकांकडे फोन आहेत, असू देत. वर नवरी उजवा हात पुढे करून उभी राहते. खालचा सूर थांबेपर्यंत तो हात कुणी धरत नाही, तिचा सख्खा भाऊ शेजारी उभा असला तरीही.